गॉर्डीचा एक ग्लास

आमच्या घरात कुठलीही गोष्ट नीट बंद आहे का, हे परत जाऊन बघायचं काम लॉइडकडे आहे. ते त्याला कोणी दिलेलं नाही. लग्नाला तीसेक वर्षं झाली, पण गाडी काढली आणि सरळ निघालो असं एकदाही झालेलं नाही. रस्त्याला लागायचं आणि मागे फिरायचं. शेगडी बघायची, मागच्या दाराची कडी ओढून बघायची, इस्त्री बघायची. इस्त्री तर मी कित्येक वर्षांत हातात धरलेली नाही. तेही त्याला सांगून झालं. "तरी पण," म्हणतो आणि जातो.

बाहेरच्या लोकांना हे पटत नाही. त्यांना तो माहीत आहे काउंटीचा बर्फ काढणारा ट्रक चालवणारा लॉइड निएमी म्हणून. सुपीरियर सरोवरावरून वादळ आलं आणि काचेपलीकडे सगळं पांढरंफेक झालं की बाकीचे ड्रायव्हर ट्रक कडेला घेतात. हा नुसत्या अंदाजाने रस्ता धरून पुढे जातो. तिथे तो कधी मागे फिरत नाही. घरी आला की मात्र कडीकोयंड्याचीही काळजी. मी शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांचं जेवण रांधते, मला काळजी करायला फुरसत नसते. माझ्या वाट्याची पण तोच करतो.

गॉर्डी लेहटो त्याच्या अगदी उलट. रस्त्याच्या पलीकडे आमच्या समोरच राहतो, सुतारकाम करतो. एकदा मोजलं, कापलं, ठोकलं, की तिकडे वळून बघायचं नाही. हे दोघे मिळून आमच्या गॅरेजात बिअर करतात. मिळून म्हणजे गॉर्डी करतो आणि लॉइड धुतो. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव किती, हॉप्सची कडवट फुलं कधी टाकायची, आंबवायला कुठलं यीस्ट, हे सगळं गॉर्डीचं. भांडी, नळ्या आणि केग म्हणजे ती मांडीइतकी उंच स्टीलची पिंपं, ही लॉइडची. धुणारा म्हणून त्याच्यासारखा माणूस शोधून सापडला नसता, कारण तो एकदा धुतो आणि मग खात्रीसाठी पुन्हा धुतो.

गॅसला मात्र गॉर्डी कोणाला हात लावू द्यायचा नाही. बिअर आंबून तयार झाली की ती केगमध्ये भरतात, झाकण आवळतात आणि सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो बिअरमध्ये मुरतो, तेव्हा कुठे तिला फसफस येते. किती मुरायचा ते दाबावर आणि बिअर किती गार आहे त्यावर. जास्त गार बिअर जास्त गॅस पिते. सिलिंडरच्या तोंडाशी रेग्युलेटर, त्याला एक चावी आणि दाब दाखवणारा काटा. गॉर्डी काटा बारा पौंडांवर आणायचा, फ्रीजचं दार लावायचा आणि दोन आठवडे विसरून जायचा. त्याच दाबावर मुरवायची, त्याच दाबावर ग्लासात घ्यायची. घाई आहे म्हणून दाब चढवणाऱ्या, केग मांडीवर घेऊन हलवणाऱ्या लोकांबद्दल तो जे बोलायचा ते मी इथे सांगत नाही. आणि लॉइड? लॉइड रोज फ्रीज उघडून काट्याकडे बघायचा. "बघ बाबा," गॉर्डी म्हणायचा, "पण हात मागे बांधून बघ."

मागच्या हिवाळ्यात गॉर्डीच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. वसंतात किरणांचे उपचार झाले. गळा आतून भाजून निघाला, आवाज बसला, दाराएवढा माणूस वाळून चिपाड झाला. चावणं बंद, नुसतं कोमट सूप आणि पेज. आणि एवढं सोसून पानं गळायच्या सुमाराला गाठ परत हजर. आता जीभ काढायची ठरलं. त्यानंतर जेवण पोटात घातलेल्या नळीतून. पुन्हा तोंडाने काही घेता येईल का, चव कळेल का, याची हमी डॉक्टरांनी दिली नाही. गॉर्डीची बायको मार्लीस हे मला सांगत होती तेव्हा हातातली फडकी घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती.

तरी ऑक्टोबरात गॉर्डीने बिअर लावली. दरवर्षी हरणांच्या शिकारीच्या मोसमाला कॅम्पवर न्यायला तो तपकिरी बिअर करतो, तीच. आमच्या गॅरेजात स्टुलावर ब्लँकेट गुंडाळून बसला. बोलवत नव्हतं म्हणून बोटाने दाखवत होता आणि लॉइड करत होता. ऑपरेशन नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर होतं. तोवर बिअर आंबेल, मुरेल, कॅम्पवर जाईल, सगळं बसत होतं.

मग नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी हॉस्पिटलातून फोन आला की मधली एक जागा रिकामी झाली आहे, येत्या मंगळवारी ऑपरेशन. हॉस्पिटल खाली विस्कॉन्सिनमध्ये, गाडीने चार तास. म्हणजे सोमवारीच निघायला हवं. लवकर होतंय ते बरंच झालं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. बिअर अजून केगमध्येसुद्धा भरलेली नव्हती, हे फक्त लॉइडच्या डोक्यात होतं. आणि गॉर्डीच्या.

त्या संध्याकाळी आम्ही समोर गेलो. गॉर्डी खिडकीपाशी आरामखुर्चीत होता. हवा लागेल, काही तरी बाधेल म्हणून मार्लीस त्याला आता दाराबाहेर सोडत नव्हती. त्याने लॉइडला जवळ बोलावलं. आवाज कागद चुरगळावा तसा.

"एक ग्लास प्यायचाय मला," तो म्हणाला. "जायच्या आधी. नीट गॅस असलेला."

मार्लीसने नर्सला विचारून ठेवलं होतं. आदल्या दिवशी सकाळी एक ग्लास चालेल म्हणाली होती.

लॉइडने विचारलं, चार दिवसांत कशी मुरणार? गॉर्डीने डोळे मिटले. ज्या गोष्टीवरून त्याने गावातल्या अर्ध्या लोकांना झोडलं होतं, तीच आता त्याला सांगायची होती. "तीस पौंड. एक दिवस," तो म्हणाला. "मग बारा." थोडा दम खाल्ला. "मध्ये हात लावू नकोस."

होईल, असं लॉइड म्हणाला. रस्ता ओलांडून घरी येईपर्यंत त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी म्हटलं, अरे एवढं काय, चावी फिरवायची तर आहे. तर म्हणाला, जास्त झाला तर नुसता फेस, कमी झाला तर मेलेली बिअर, आणि दुसरी करायला तो असणार नाही. असणार नाही असं म्हणाला. मग दुरुस्त केलं, म्हणजे त्याला पिता येणार नाही.

शुक्रवारी त्याने केग दोनदा धुतली, मग आणखी एकदा. बिअर भरली. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का बघितलं, कुठे गळत असेल तर सिलिंडर रिकामा होऊन बसायचा. कुठेच गळत नव्हतं. पुन्हा साबण लावला. मग केग फ्रीजमध्ये ठेवून संध्याकाळी काटा तिसावर नेला आणि दार लावलं. इथवर सगळं गॉर्डीच्या शब्दाप्रमाणे. इथेच थांबला असता तर आमचा शनिवार आणि रविवार सुखाने गेला असता.

शनिवारी पहाटे बर्फ सुरू झाला आणि त्याला ट्रकवर बोलावणं आलं. निघण्याआधी तो गॅरेजात गेला. त्याने केगला हात लावून बघितला. हाताला ती पुरेशी गार लागेना. गार नाही म्हणजे गॅस पिणार नाही, असा त्याने हिशेब केला. गॅरेजाच्या भिंतीला लागून ढीगभर बर्फ साचला होता. या माणसाने केग उचलली, सिलिंडरसकट बाहेर नेली आणि गळ्यापर्यंत बर्फात पुरली. आमच्याकडे फ्रीजमध्ये जागा नसली की मासे, सोडा, उरलेलं हॅम सगळं बाहेर बर्फात जातं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. तीस पौंड तसेच लागलेले. आणि हा होटन गावच्या पुलापलीकडचे रस्ते मोकळे करायला निघून गेला.

अंधार पडायच्या सुमाराला आला तो थेट तिकडेच. केग आत आणली, गॅस बंद केला, झाकणावरची रिंग ओढून वरचा दाब सोडून दिला, काटा बारावर आणला. मग नळ सोडून ग्लास भरला. ग्लासात नुसता फेस. बुडाशी थेंबभर बिअर. दुसरा ग्लास भरला, तोही तसाच. मी गेले तेव्हा तो उपड्या बादलीवर बसला होता.

"वाट लावली मी, डॉरीन," म्हणाला.

बर्फात बिअर गोठायला टेकली होती आणि तशी ती दिवसभर तीस पौंडांखाली गॅस ढोसत बसली होती. मी म्हटलं, मग तो गॅस काढ ना बाहेर. तर म्हणाला, घालणं सोपं, काढताना किती निघाला ते कळत नाही. तेवढ्यात मार्लीसचा फोन. गॉर्डी विचारतोय, बारावर आणलं का? "आणलं," लॉइडने सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि मला त्याची इतकी कीव आली की जे बोलायचं होतं ते मी गिळलं.

शनिवार म्हणजे साउना, अंगणातल्या लाकडी खोलीत तापल्या दगडांपाशी बसून घाम काढायचा. आमच्याकडे जग बुडालं तरी शनिवारची साउना चुकत नाही. एरवी गॉर्डी असतो बरोबर. त्या दिवशी लॉइड एकटाच आत बसला, आणि बसला कसला, पाच मिनिटं घाम काढायचा की कमरेला टॉवेल गुंडाळून बर्फातून गॅरेजात. गॅस बंद ठेवून रिंग ओढायची, फुस्स आवाज करून गॅस बाहेर येतो, थांबायचं, पुन्हा दाब साठू द्यायचा, पुन्हा ओढायची. मग परत साउनात. अंगातून वाफा निघतायत, पायांत बूट, डोक्यावर लोकरीची टोपी, असा माणूस अंगणातून जाताना-येताना मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. न्यूमोनिया झाला तर मी तुझ्याकडे बघणार नाही, असं त्याला ओरडून सांगितलं. बघितलंच असतं म्हणा.

रविवारीही तेच. त्यात भर म्हणजे दर वेळी रिंग ओढली की हा नळातून थोडी घेऊन बघायचा. अजून फेस. अजून फेस. गॅरेजाच्या मोरीत गॉर्डीची बिअर चाललेली. शेवटी माझं डोकं फिरलं. मी त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला, शेल्फवरचे बाकीचेही गोळा केले आणि घरात नेऊन कपाटात कोंडले. म्हटलं, अशीच चव बघत बसलास तर उद्या त्याला रिकामं पिंप दाखवशील. रिंग ओढायची तेवढी ओढ. ग्लास मिळेल तो संध्याकाळी, एकच.

दिवसभर त्याने धुतलेल्या नळ्या पुन्हा धुतल्या. गॅरेज झाडलं. संध्याकाळी मी ग्लास घेऊन गेले. त्याने केगला बारा पौंडांवर गॅस जोडला आणि नळ सोडला. बिअर शांतपणे आली, तपकिरी, वर दोन बोटं दाट साय धरल्यासारखा फेस. मी घोट घेतला. मला बिअरमधलं काय कळतंय, पण ती चांगली होती. जिभेला हलकी टोचणी आणि मागाहून भाजलेल्या पावाची चव. त्यानेही घेतला. बराच वेळ तोंडात धरला.

आता तरी हा माणूस झोपेल असं मला वाटलं. तर त्याचा हात चावीकडे. उद्यापर्यंत उतरली तर? थोडासाच वाढवून ठेवतो, अगदी केसभर. मी फ्रीजचं दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिले. म्हटलं, हात लावायचा नाही, त्याने सांगितलंय ना.

"तो जिभेवर घेणार तो शेवटचा घोट माझ्या हातचा आहे," लॉइड म्हणाला. "त्याने आजवर मला ही चावी धरू दिली नाही, ते बरोबरच होतं. मला भीती वाटते, डॉरीन. ऑपरेशनची सुद्धा इतकी नाही वाटत."

शेवटचा कशाला म्हणतोस, असं मी सुरू केलं आणि मला ते पुरं करता आलं नाही. मी त्याला आत नेलं, कॉफी दिली, वेलदोड्याचा पाव कापून दिला. त्याने खाल्ला नाही.

सोमवारी सकाळी केग न्यायचा प्रश्न. हिंदकळली तर पुन्हा फेस, म्हणून लॉइडने गोठलेल्या तळ्यावर मासेमारीला नेतो ती घसरगाडी काढली. तिच्यात गोधडी घालून केग आणि सिलिंडर उभे बांधले. तो पुढून ओढतोय, मी मागून धरतेय, एका रस्त्याची रुंदी पार करायला आम्ही इतका वेळ लावला की समोरून आलेली शाळेची बस थांबून राहिली. मार्लीसने दार उघडून धरलं होतं. दारात त्यांची बॅग भरून ठेवलेली.

लॉइडने केग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ठेवली आणि ती निवांत व्हायला जरा वेळ दिला. मग त्याने ग्लास तिरका धरून भरला. सुरेख भरला. गॉर्डीने तो हातात घेतला, खिडकीकडे धरला, बुडापासून वर चढणारे बुडबुडे बघितले आणि फेस बघितला. मग लॉइडकडे बघून मान हलवली.

"बारा," म्हणाला. लॉइडच्या खांद्यांवरून कोणी पोतं उतरवावं तसे ते खाली आले.

गॉर्डीने घोट घेतला. त्याचा चेहरा एकदम आवळला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि खुर्चीचा हात त्याने इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. कसाबसा गिळला.

"जास्त झाला का?" लॉइडचा आवाज फाटला. "गॅस जास्त झाला का, गॉर्डी? कमी करतो. लगेच करतो."

गॉर्डीने हाताने नाही म्हटलं. "बरोबर आहे," म्हणाला. "अगदी बरोबर." आणि दुसरा घोट घ्यायला ग्लास वर नेला. ओठांपर्यंत नेला, टेकवला, आणि त्याला घेता येईना. पुन्हा नेला. शेवटी त्याने ग्लास मांडीवर ठेवला.

तेव्हा मार्लीस बोलली. किरणं घेतल्यापासून त्याला दात घासायची पेस्टसुद्धा झोंबते, म्हणाली. सोडा तर ती घरातच आणत नाही. पण बिअरही झोंबेल हे तिच्या डोक्यात आलंच नाही, कारण हे दोघे चार दिवस दुसरं काही बोलतच नव्हते. आमच्याही आलं नव्हतं. पेज आणि कोमट सूप पिणारा माणूस डोळ्यांसमोर होता, आणि आम्ही त्या बुडबुड्यांसाठी जिवाचा आटापिटा करत होतो. खुद्द गॉर्डीच्या लक्षात आलं नव्हतं. इतकी वर्षं बिअर म्हणजे तिच्यात गॅस नीट असणं, याच्यापलीकडे त्याला काही सुचलंच नव्हतं.

मला वाटलं, आता लॉइड खचतो. मला त्याच्याकडे बघवेना. तर त्याने गॉर्डीच्या मांडीवरचा ग्लास उचलला. मार्लीसच्या फडताळातून आणखी एक घेतला. आणि हात वर करून ती बिअर एका ग्लासातून दुसऱ्यात ओतली, उंचावरून, लहान पोराचं दूध निववतात तशी. फेस उसळून टेबलावर सांडला. परत या ग्लासातून त्यात. परत. फेस त्याच्या मनगटांवरून बाह्यांत जात होता, मार्लीसच्या मेजपोशावर पसरत होता. ओतणं झाल्यावर त्याने चमचा घेतला आणि ढवळत राहिला. कान ग्लासाला लावला, सळसळ येते का ऐकली, आणि पुन्हा ढवळलं. बिअरला इतकं बेदम हाणताना गॉर्डीने जन्मात कोणाला बघितलं नसेल. तो खुर्चीत हसायला लागला होता, आवाज न करता, खांदे हलवत.

शेवटी ग्लासात एक बुडबुडा उरला नाही. गढूळ तपकिरी पाणी दिसत होतं. लॉइडने ते त्याच्या हातात दिलं.

गॉर्डी प्यायला. गिळलं. थांबला. परत प्यायला. प्रत्येक घोट तोंडात फिरवत, डोळे मिटून, सावकाश. मार्लीस दाराशी कोट हातात घेऊन उभी होती, तिने घड्याळाकडे बघितलं नाही. अर्ध्यावर आल्यावर त्याने डोळे उघडले.

"जरा गोड राहिलीय," तो म्हणाला. "पुढच्या वेळी माल्ट कमी घालू."

मार्लीसने तोंड फिरवलं. आणि शेगडीसाठी, कडीसाठी, न वापरलेल्या इस्त्रीसाठी अर्ध्या रस्त्यातून मागे फिरणारा माझा नवरा टेबल पुसता पुसता म्हणाला, "हो, कमी घालू."

गॉर्डीने उरलेली संपवली आणि रिकामा ग्लास पुढे केला.